मधला कप्पा

मी फ्रिज बोलतोय. एका दाराचा, जुन्या बनावटीचा, कडांना गंज धरलेला. सध्या जिन्याखाली उभा आहे. काही थंड करायचं काम आता उरलेलं नाही, त्यामुळे बोलायला सवड आहे.

कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. ताज्या रंगाचा वास, पट्ट्यावरून सरकत जाणारी माझ्यासारखीच भावंडं आणि माझं दार पुन्हा पुन्हा उघडून मिटून बघणारा एक वैतागलेला तपासनीस, एवढंच. माझं पहिलं घर एका नव्या जोडप्याचं. त्यांना मुलं झाली, मुलं वाढली, माझ्या पोटात त्यांची भांडी मावेनाशी झाली, तेव्हा त्यांनी मला विकून टाकलं. मला विकत घेणाऱ्या बाई विद्यापीठाजवळच्या आपल्या दोन खोल्या मुलींना भाड्याने देत. खोली फ्रिजसकट आहे म्हटलं की भाडं वाढवून सांगता येतं, एवढ्यापुरतंच त्यांचं माझ्यावर प्रेम. मुली त्यांना काकू म्हणत.

पुष्कळ मुली आल्या नि गेल्या. मी सांगणार आहे ते शेवटच्या तिघींचं.

सगळ्यात मोठी ती ताई. प्रबंध लिहीत होती, केसांत कायम पेन खोचलेलं, आणि तेच पेन घरभर शोधत फिरायची. दुसरी राणी. तिच्या वडिलांची फर्निचरची दोन दुकानं होती आणि स्वतःचा कप तिने जन्मात विसळला नव्हता, म्हणून राणी. तिसरी सगळ्यांत लहान, आहारशास्त्र शिकणारी. पहिल्याच आठवड्यात राणी तिला म्हणाली, "खातेस किती गं! चिमणीसुद्धा जास्त खात असेल." तेव्हापासून ती चिमणी झाली. ती इतकं कमी का खाते, हे राणीच्या ध्यानातही आलं नव्हतं. चिमणी मात्र हसली. तिला ते नाव सोयीचंच होतं.

माझ्यात तीन कप्पे. वरचा राणीने घेतला, कारण तो जास्त गार. खालचा ताईने. उरलेला मधला चिमणीच्या वाट्याला आला.

महिन्याच्या पहिल्या तारखेला ताई दोघींना स्वयंपाकघरात फरशीवर बसवायची. प्रत्येकीची वेगळी पाकिटं मांडायची. भाड्याचं, विजेचं, किराण्याचं, प्रवासाचं, आणि शेवटचं अडीअडचणीचं. मग ती सगळी माझ्या डोक्यावर ओळीने ठेवली जात. राणीला हे सगळं पोरखेळ वाटे. चिमणी मात्र या कामात वाकबगार होती. कॉलेजला चालत जायची. पुस्तकं वाचनालयात बसूनच वाचायची. बाजार उठायच्या वेळेला भाजी आणायची, म्हणजे भाव उतरलेला असतो. मऊ पडलेल्या टोमॅटोतून चांगले निवडताना तिचे डोळे सोनाराचे होत.

"तुला अर्थमंत्रीच करायला हवं," ताई म्हणायची.

"मग आधी काकूंवर कर बसवीन," चिमणी म्हणायची, आणि तिघी खो खो हसायच्या. हसण्याने माझ्या दारावरची चिमुकली चुंबकं थरथरायची.

चिमणीची आई एका लॉंड्रीत इस्त्री करायची. वडील मालडेपोत हमाल. दोघं मिळून पाठवत ते, आणि शिष्यवृत्ती, यावर तिचं चालायचं. चालायचं म्हणजे, काही बिघडलं नाही तर चालायचं. तिच्या हिशोबात चूक कधीच नव्हती. आजारी पडायला, चप्पल तुटायला, कशालाच जागाही नव्हती.

आणि मग बिघडायला लागलं. काकूंनी भाडं वाढवलं. "मलाही महागाई आहे गं पोरींनो," त्या माझ्या दारावर हात ठेवून म्हणाल्या, जणू मीच त्यांना खर्चात घालत होतो. राणीने वडिलांना फोन केला आणि विषय संपला. ताईने शिकवण्या वाढवल्या. चिमणीची शिष्यवृत्ती त्याच सुमाराला अडकली. कचेरीत विचारलं की 'वरून आली नाही' एवढंच उत्तर. तिचं अडीअडचणीचं पाकीट आधी रिकामं झालं, मग प्रवासाचं, मग किराण्याचं.

तिने बेकरीत काम धरलं. पहाटे उठून पाव पिशव्यांत भरायचे, मग तसंच कॉलेज. येताना पिठाने माखलेली यायची, वर्गात डुलक्या काढायची, असं ताई रागावून म्हणायची. सकाळची प्रात्यक्षिकं बुडू लागली. कॉलेजातल्या बाईंना ती सांगायची, प्रकृती ठीक नाही. ते तर खोटंही नव्हतं.

एका दुपारी घरात कुणी नव्हतं. चिमणीने माझं दार उघडलं आणि बराच वेळ तशीच उभी राहिली. तिच्या कप्प्यात अर्धा कांदा होता. मग तिने राणीच्या कप्प्यातलं एक अंडं घेतलं, उकडलं आणि उभ्याउभ्याच खाल्लं. टरफलं कागदात गुंडाळून स्वतःच्या पिशवीत लपवली. पुढच्या आठवड्यात आणखी एक घेतलं. मी पाहत होतो. मला वाईट वाटलं ते अंडं गेल्याचं नाही. ते खाताना तिने दोनदा दाराकडे वळून पाहिलं, त्याचं.

"माझी अंडी कमी कशी होतायत?" एका संध्याकाळी राणी म्हणाली. ती चिडलेलीसुद्धा नव्हती. "घेतली तर घ्या गं, पण सांगा तरी."

"तूच खाल्ली असशील," ताई म्हणाली. "तुझं लक्ष असतं कुठे?"

चिमणी भांडी घासत होती. दुसऱ्या दिवशी बेकरीतून येताना तिने दोन अंडी आणून गुपचूप राणीच्या कप्प्यात ठेवली आणि ताईला म्हणाली, "मला आता किराण्याच्या वर्गणीतून वगळ. मी कँटीनमध्येच जेवत जाईन. वेळ वाचतो."

ताईला ते पटलं. तिला तिच्या प्रबंधाचं ओझं होतं.

त्यानंतर मधल्या कप्प्यात डबे दिसू लागले. स्टीलचे, प्लास्टिकचे, झाकणं घट्ट लावलेले, नीट रांगेत. बघणाऱ्याला वाटावं, मुलगी मोठी टापटिपीची, आठवड्याचं करून ठेवते. पण डबा फळीवर टेकला की मला त्याचं वजन कळतं. त्या डब्यांत काहीही नव्हतं. आठवड्यातून एकदा ती ते काढायची, पुसायची, जागा बदलून पुन्हा ठेवायची.

एक दिवस चिमणीची आई न कळवता आली. बारकीशी बाई, मनगटावर इस्त्रीचे जुने चटके. चिमणी तिला पाहून लहान मुलीसारखी गळ्यात पडली. "बस, मी चहा करते," म्हणाली आणि दूध आणायला पळत खाली गेली.

आईला वाटलं, दूध तर घरात असेलच. तिने माझं दार उघडलं. मधला कप्पा पाहून तिचा चेहरा किती खुलला, काय सांगू. कौतुकाने तिने एक डबा उचलला, आणि तिचा हात थबकला. झाकण काढलं. दुसऱ्या डब्याचं काढलं. तिसऱ्याचं काढलं नाही. तिने झाकणं परत लावली आणि डबे होते तसेच, त्याच ओळीत ठेवले. दार इतक्या हलक्या हाताने लावलं की चुंबकंही हलली नाहीत.

चिमणी दूध घेऊन आली.

"काय काय खातेस गं इथं?" आईने विचारलं.

"सगळं. फ्रिज भरलाय बघ."

"बघितला," आई म्हणाली.

दोघींनी चहा घेतला. मग चिमणी बेकरीतल्या जादा कामाला निघाली, वाचनालयात जाते म्हणून सांगून. आई आतल्या खोलीत लिहीत बसलेल्या ताईपाशी थांबली. म्हणाली, "बाळ, हिच्या बाबांचं काम सुटलंय. आता घरून काही येणार नाही, हे सांगायला आले होते मी. कोणत्या तोंडाने सांगू?"

"मावशी, परीक्षा जवळ आलीय. मी सांगेन नंतर. सांभाळेन तिला."

आई बाजारात गेली, बटाटे, अंडी, दूध, पाव घेऊन आली आणि ताईच्या देखत ते डबे एका बोटाने बाजूला सारून मधला कप्पा भरला. परतीच्या भाड्याचं काय केलं, कोण जाणे. आई गेल्यावर ताईने आईने न उघडलेला तिसरा डबा उघडून पाहिला आणि फरशीवर बसून रडली.

ताईने राणीला सांगितलं, आता दोघींना कळलं होतं. राणीने आपला कप्पा अर्धा रिकामा करून चिमणीला म्हटलं, "घे ना गं, माझं वाया जातं." ताईने ताट वाढून समोर ठेवलं. चिमणी दोन घास खायची आणि उठायची. एकदा फक्त बोलली, "तुम्ही दोघी माझ्याशी आधी भांडायचात. आता भांडतसुद्धा नाही."

परीक्षेला तिला बसू दिलं नाही. प्रात्यक्षिकांची हजेरी कमी. ताई तिच्याबरोबर बाईंना भेटायला गेली, विनवण्या केल्या. बाई वाईट नव्हत्या. आधी का नाही सांगितलंस, म्हणाल्या. पण सवलत मागायची तारीख उलटून गेली होती. घरी आल्यावर ताईने तिला बाबांचं काम सुटल्याचंही सांगितलं.

जायच्या दिवशी तिने आपला कप्पा साबणाच्या पाण्याने घासून काढला. काकूंनी अनामत रकमेतून रंगकामाचे पैसे कापले. राणी त्यांच्याशी कडाडून भांडली, पण काकूंनी नियमावर बोट ठेवलं. ताईने विचारलं, "पुढच्या वर्षी येशील ना परत?" चिमणी म्हणाली, "बघू." ती जिना उतरताना सामानाची पिशवी प्रत्येक पायरीला आपटत होती. तो आवाज ती खाली पोहोचेपर्यंत मला ऐकू आला.

ती परत आली नाही. ताईला तिचा एकदाच फोन आला. ती आईच्याच लॉंड्रीत कामाला लागली होती. वडील अजून घरीच. ताईने अभ्यासाबद्दल विचारलं आणि फोन ठेवल्यावर केसांतलं पेन काढून टेबलावर आपटलं.

पुढे ताईचा प्रबंध संपला, राणीचं लग्न ठरलं, आणि माझा कॉम्प्रेसर बंद पडला. मिस्त्री म्हणाला, "यात पैसे घालण्यात अर्थ नाही." मला जिन्याखाली आणून ठेवलं. उद्या भंगारवाला येणार आहे.

आज सकाळी काकू खोली दाखवून खाली आल्या आणि जिन्यापाशी बोलत उभ्या राहिल्या. एक मुलगी आली होती, बरोबर तिचे वडील. हातात टोपी धरून उभे, बोलताना पुन्हा पुन्हा घसा खाकरत होते. भाडं ऐकून त्यांनी मनातल्या मनात काहीतरी जुळवलं आणि विचारलं, "बाकी खर्च कितपत येतो?"

"काही नाही हो," काकू म्हणाल्या. "मुलगी हिशोबी असली की आरामात निभतं."

"हिशोबी तर ती आहेच," वडील म्हणाले, आणि मुलीकडे पाहून अभिमानाने हसले. मुलगीही हसली.

मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर होतो. मला जन्मभर फक्त गुरगुरता येत होतं, आणि आता तर तेही येत नाही. त्यांनी माझ्यासमोरच अनामत रक्कम दिली.