मान हालवू नको

धवला अर्धाच झाला होता आणि मांडव गरकन फिरला. मोरिवलीत कोणाचंही लग्न असो, हळदीपासून विधी सांगणारी, लग्नातली गाणी म्हणजे धवले गाणारी धवलारीण मी, राजाबाई. आणि त्या दिवशी नवरीच्या पाटासमोरच ओकले, कोसळले. माझी धाकटी जाऊ गंगू हिने मला रिक्षात घालून अंबरनाथला डॉक्टरकडे नेलं. डोळे उघडले की छत पळायचं, त्यामुळे डॉक्टर काय बोलले ते तिनेच ऐकलं.

घरी आल्यावर म्हणाली, "पडून रव बाय. मान हालवू नको, डाक्टरनी सांगलंय."

मी पडून राहिले. ती मला भाकरी भरवायची, पाय चेपायची आणि माझ्या जागी मांडवात जाऊन उभी राहायची. मानाचं लुगडं तिला, नारळ तिला. किती दिवस गेले तरी भिंत धरल्याशिवाय मला मोरीपर्यंत जाता येईना.

शेवटी गंगूचाच मुलगा सुयोग मला पुन्हा दाखवायला घेऊन गेला. डॉक्टर माझ्यावरच भडकले.

"कानात तोल सांभाळणारा भाग असतो. तुमचा डावीकडचा अचानक बंद पडलाय, उजवीकडचा चालू आहे. मेंदूला दोन्हीकडून वेगळी खबर मिळते, म्हणून सगळं फिरतं. मान हलवाल, चालाल, चक्कर सोसाल, तेव्हाच मेंदू आहे त्यावर भागवायला शिकेल. पडून राहून काय शिकणार तो? तुमच्या जाऊबाईंना पहिल्याच दिवशी समजावलं होतं!"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण आईला यातलं काही सांगू नको, असं मी सुयोगला बजावलं.

दुसऱ्या दिवसापासून गंगू बाहेर गेली की मी गुपचूप शिवमंदिरात जाऊ लागले. शंकराची प्रदक्षिणा पुरी घालायची नसते; पिंडीवरचं पाणी वाहून जातं त्या पन्हळीपर्यंत जायचं आणि उलटं फिरायचं. मला तेच हवं होतं, दोन्ही बाजूंनी वळणं. वळताना सगळं देऊळ गरगरायचं. प्रत्येक वळणाला मी गंगूचं नाव घ्यायचे आणि देवासमोर देऊ नयेत अशा शिव्याही द्यायचे. हळूहळू देऊळ जागेवर राहू लागलं. घरी मात्र मी भिंत धरूनच चालत होते.

मग सुयोगचं लग्न ठरलं, आणि गंगूचे डोळे उघडले. नवऱ्याची आई पाटावर बसते, धवलारीण सांगेल तसं करते. स्वतःच्या पोराचे धवले ती कशी गाणार? आणि मिरवायच्या नादात दुसऱ्या कोणाला तिने शिकूच दिलं नव्हतं.

हळदीच्या सकाळी नारळ आणि लुगडं घेऊन ती माझ्या पायाशी बसली. "चल ना बाय. पोराचा मांडव मुका रवंल."

मी गोधडी गळ्यापर्यंत ओढली. "मान हालवायची नाय मला. डाक्टरनी सांगलंय."

आपलेच शब्द ऐकून आपलं खोटं पकडलं गेल्याचं तिला कळलं. नारळ-लुगडं उचलून ती रडत गेली, आणि मला फार बरं वाटलं.

संध्याकाळी मांडवात नुसता डीजे वाजला. सुयोगला लहानपणी मी न्हाऊ-माखू घातलं होतं, त्याच्या हळदीला काय गायचं ते माझं तेव्हापासून ठरलेलं होतं. ते ओठांवर आलं तसं मी गोधडी तोंडात कोंबली आणि आढ्याकडे बघत पडून राहिले. आढं जराही फिरत नव्हतं. तरी मी उठले नाही.