आमचं भागतं

दिवाळं निघालेल्या माणसापुढे सरकार एक फॉर्म ठेवतं, आणि त्या फॉर्मपुढे भलेभले खोटं बोलतात. पगारातून घरखर्च वजा जाऊन जे उरतं, ते तीन वर्षं दर महिन्याला देणी फेडायला जातं. म्हणून शहाणी माणसं घरखर्च जरा फुगवून लिहितात. इंग्लंडातल्या बर्नलीच्या डेरेक ऑर्मरॉडनं मात्र उलटं केलं. त्यानं खर्च कमी करून लिहिला.

पंचवीस वर्षं कार्पेटचं दुकान चालवलेला माणूस. दुकान गेलं, घर गेलं, आता एकसष्टाव्या वर्षी बेकरीची व्हॅन चालवत होता आणि भाड्याच्या घरात राहत होता. सुंभ जळला होता, पीळ तेवढा शाबूत होता. आपण उधळ्या नाही, धंदा बुडाला तो बाजारामुळे बुडाला, हे दिवाळखोरीच्या सरकारी ऑफिसातल्या पोरीला कळायला हवं होतं. कर्स्टी तिचं नाव. तिनं फोनवर एकेक रकाना वाचून विचारलं होतं.

"केस कापायला काही नाही?"

"बायको कापते."

"कपडे?"

"आहेत की अंगावर."

"दातांच्या डॉक्टरचं काही?"

"दातच किती राहिलेत, पोरी!"

कर्स्टी हसली नाही. "मिस्टर ऑर्मरॉड, दोघांचं खाणंपिणं आठवड्याला चाळीस पौंड लिहिलंय तुम्ही. यापेक्षा जास्त मान्य होतं. खात्री आहे ना?"

"आमचं भागतं," डेरेक म्हणाला. एवढ्या ताठ मानेनं तो कित्येक महिन्यांत बोलला नव्हता.

"आणि पत्नीचं उत्पन्न?"

"नाही."

मग हिशोब झाला. महिन्याला तीनशे साठ पौंड उरतात असं निघालं, आणि ते छत्तीस महिने भरायचे या करारावर त्यानं सही केली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. ग्लेनिस, त्याची बायको, त्या वेळी शेजारीच बसून मटार सोलत होती. ती सोलत राहिली.

हे जानेवारीतलं. मे उजाडेपर्यंत डेरेकच्या ताटात बटाटे वाढले आणि मांस आटलं. त्यात त्याला वावगं वाटलं नाही, दिवाळखोरीत असंच असायचं. ग्लेनिस त्याच्याबरोबर जेवायला बसेनाशी झाली होती, तेही त्याच्या लक्षात आलं नाही. मंगळवारी आणि गुरुवारी ती बहिणीकडे जायची, वर्षानुवर्षं जायची. आल्यावर म्हणायची, "मी ब्रेंडाकडे खाल्लं. तू घे."

एका शनिवारी बाजारात ब्रेंडाच भेटली. ब्लॅक पुडिंगच्या, म्हणजे डुकराच्या रक्ताच्या सॉसेजच्या, गाड्यापाशी उभी होती.

"काय रे डेरेक, सरकारनं चड्डी तरी ठेवली का अंगावर?" तिनं भर बाजारात विचारलं. ही बाई कायमच अशी.

"तुझ्या घरचं खाऊन माझी बायको जगतेय, तेवढं पुरे आहे," तो म्हणाला. आभार मानायची त्याची ही पद्धत.

ब्रेंडाचा चेहरा बदलला. "माझ्या घरचं? अरे, ती नाताळनंतर माझ्याकडे फिरकलेली नाही."

"मंगळवार-गुरुवार कोण येतं मग?"

"मला काय विचारतोस? तुझी बायको आहे. आणि तिला खायला घाल जरा. स्कर्टला सेफ्टी पिन लावून फिरते, दिसत नाही तुला?"

डेरेक घरी आला. ग्लेनिस स्वयंपाकघरात होती. तिनं चहा ओतला आणि किटली दोन्ही हातांनी खाली ठेवली. तिच्या बोटांचे सांधे सुजलेले होते. ते कधीपासून सुजलेत, हेही त्याला सांगता आलं नसतं.

"मंगळवारी कुठे असतेस?"

तिनं चहाचा कप त्याच्यापुढे सरकवला. मग म्हणाली, "लायब्ररीत."

"लायब्ररीत काय करतेस?"

"बसते. तिथं हीटर चालू असतो. आणि घरी नसलं की खायचा प्रश्न येत नाही."

डेरेकला खुर्ची सापडायला वेळ लागला.

"फेब्रुवारीपर्यंत लाँड्रीवाल्या मिसेस व्हिटेकरच्या मागच्या खोलीत जायचे," ती म्हणाली. "इस्त्रीला. पाद्र्याचे शर्ट, दातांच्या डॉक्टरचे कोट, गेस्ट हाउसच्या चादरी. आठवड्याला चाळीस-पंचेचाळीस सुटायचे. मग हात गेले."

"कधीपासून हे?"

"आपली कॅरन शाळेत जायला लागली तेव्हापासून. सव्वीस वर्षं होतील."

दुकान उघडलं त्या वर्षी डेरेकनं घरखर्चाचे चाळीस पौंड ठरवले होते. दर शुक्रवारी पाकिटात घालून तो ते ओट्यावर ठेवायचा. पाव महागला, दूध महागलं, पाकीट तेवढंच राहिलं. त्याची आई कापडगिरणीत मागावर कामाला होती, यंत्रांच्या खडखडाटात ठार बहिरी होऊन मेली. माझी बायको लोकांसाठी राबणार नाही, अशी त्यानं शपथ घेतली होती आणि पबमध्ये ती चारचौघांना ऐकवलीही होती. ती शपथ ग्लेनिस सव्वीस वर्षं दुसऱ्यांच्या चादरींवर इस्त्री फिरवून पाळत होती.

"चाळीसात भागतं म्हणून सांगत होतीस की!"

"तू सांगत होतास," ती म्हणाली. "मी कधी म्हटलं?"

सोमवारी त्यानं कर्स्टीला फोन केला. खाण्याचा आकडा चुकलाय, वाढवायचाय, एवढंच म्हणाला. कर्स्टी चांगलं बोलली. परिस्थिती बदलली तर करार बदलता येतो, काही अडचण नाही. गेल्या तीन महिन्यांच्या पावत्या तेवढ्या पाठवा.

पावत्या ग्लेनिसकडे होत्या. बिस्किटांच्या डब्यात, तारखेवार, चिमटा लावून. डेरेक त्या पाहत बसला. अडतीस पौंड वीस. एकोणचाळीस पंच्याहत्तर. बरोबर चाळीस. एकही चाळीसच्या वर नव्हती. वरचे पैसे यायचे बंद झाल्यावर तिनं चाळीसातच भागवलं होतं, स्वतःच्या पोटातून. आता हा डबा सरकारकडे पाठवायचा म्हणजे आम्ही म्हणतो तेच खरं, आमचं झकास भागतं, असा पुरावा स्वतःच्या हातानं द्यायचा.

"आणि आधीच्या?" त्यानं विचारलं. "खरोखर किती लागायचे, त्याचं काही आहे का?"

ग्लेनिसनं ड्रॉवरमधून एक वही काढली. कुणाचे किती शर्ट, किती चादरी, किती मिळाले, त्यातलं कसाबाकडे किती गेलं आणि किराण्याला किती. सगळं बारीक अक्षरात होतं. डेरेकनं हात पुढे केला, पण तिनं वही छातीशी धरली.

"ही नाही द्यायची. फॉर्मवर काय लिहिलंय? पत्नीचं उत्पन्न, नाही. खाली सही तुझी. खोटं लिहिलं म्हणून तुला धरतील. हप्ते तीन वर्षं असले तरी वर्षभरात दिवाळखोरीतून सुटायचास, तो आणखी अडकशील."

वही दिली तर तो खोटा ठरणार होता आणि नाही दिली तर ती उपाशी राहणार होती. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय! चार दिवस दोघं त्या बंद वहीभोवती जेवली. डेरेक आपल्या ताटातला अर्धा बटाटा तिच्या ताटात ढकलायचा आणि ती परत ढकलायची. पाचव्या दिवशी धुण्याची टोपली घेऊन जिना चढताना तिला भोवळ आली. टोपली खालपर्यंत गडगडत आली आणि ती वरच्या पायरीवर बसून राहिली. "काही नाही, काही नाही," म्हणत होती.

डेरेकनं तिला खाली आणलं, गोड चहा पाजला आणि तिच्यासमोरच फोन लावला. ऐकू कमी येतं म्हणून तो फोन नेहमी स्पीकरवर ठेवायचा.

त्यानं सगळं सांगितलं. व्हॅनमधल्या पावांची यादी वाचतात तसं सांगितलं, मध्ये थांबला नाही. पलीकडून टाइप केल्याचा आवाज येत होता.

"म्हणजे फॉर्म भरला तेव्हा पत्नीचं उत्पन्न होतं," कर्स्टी म्हणाली. "हे मला वर कळवावं लागेल, मिस्टर ऑर्मरॉड. तुम्हाला ते माहीत होतं का?"

डेरेकनं ग्लेनिसकडे पाहिलं. "होतं," तो म्हणाला. "मीच लपवलं. तिचा काही संबंध नाही."

"नीट विचार करून सांगा. याचे परिणाम होतात."

"होतं म्हटलं ना! माझ्या घरात काय चालतं ते मला माहीत असतं."

ग्लेनिसनं कप खाली ठेवला. "मरेपर्यंत नाक वरच ठेव तू," ती त्याला म्हणाली, आणि मग फोनकडे वाकली. "अगं पोरी, त्याला काही माहीत नव्हतं. सव्वीस वर्षं मी बाहेर कुठे जाते, घर कशावर चालतं, त्यानं एकदासुद्धा विचारलेलं नाही. मी शपथेवर लिहून देते."

डेरेकचे कान लाल झाले होते. तुरुंगात टाकलं असतं तर त्याला याहून बरं वाटलं असतं, कारण हे खरं होतं आणि आता ते सरकारी कागदावर जाणार होतं.

"ठीक आहे," कर्स्टी सावकाश म्हणाली. "ती वही पाठवा. पुढे काय होईल ते मला आत्ता सांगता येणार नाही. खाण्याचा आकडा मात्र आपण आज नवा लिहून ठेवू. मिसेस ऑर्मरॉड, तुम्हीच सांगा. आठवड्याला किती लागतात?"

ग्लेनिसनं सवयीनं नवऱ्याकडे पाहिलं. वहीत ऐंशी लिहिलेले होते, पंच्याऐंशी लिहिलेले होते. तिनं पदराला पुसावेत तसे सुजलेले हात एप्रनला पुसले.

"पंचेचाळीस," ती म्हणाली. "पंचेचाळीसात भागवीन मी."

"खात्री आहे?"

ग्लेनिस हो म्हणायच्या बेतात होती. डेरेकनं फोन आपल्याकडे ओढला.

"नाही," तो म्हणाला. त्यानं फोन आणखी जवळ धरला आणि पुन्हा म्हटलं, "नाही. आमचं भागत नाही."

पलीकडे कर्स्टीनं पान उलटल्याचा आवाज आला. "बरं," ती म्हणाली. "मग पहिल्या रकान्यापासून घेऊ. आणि या वेळी तिला विचारून सांगा."