मऊ पडलेला ब्रेक

माझं माहेर म्हणजे एक गॅरेज आणि त्याच्या मागे दोन खोल्या. त्यामुळे लग्न होऊन आल्यावर माझं सगळ्यात आधी जमलं ते सासऱ्यांच्या जुन्या मोटरसायकलशी. सासऱ्यांशी जमायला वेळ लागला, कारण ते तिला कुणाला हात लावू देत नसत.

म्हणून परवा त्यांनीच बोलावून, गाडी विकतोय, संध्याकाळी गिऱ्हाईक येणार आहे, जरा चकाचक करून दे, असं सांगितलं तेव्हा माझा विश्वासच बसेना. कारण विचारलं तर म्हणाले, वय झालं. सासूबाई दारात उभ्या राहून ऐकत होत्या. पूर्वी मागच्या सीटवर बसून नवऱ्याच्या कानाशी अखंड बडबड करत बाजाराला जाणारी ही बाई गेले काही महिने एकटीच बसने जात होती. बसमध्ये ऊन लागत नाही, असं बाबा, म्हणजे सासरे, म्हणायचे. मला ते कधी पटलं नाही, पण नवरा-बायकोच्या मधे नाक कशाला खुपसा?

पुसता पुसता मी पुढचा ब्रेक दाबला. तो थेट मुठीला टेकला. पुन्हा दाबला, तरी तेच. लोण्यात बोट घातल्यासारखं.

"बाबा, हा असा कधीपासून आहे?"

"ब्रेकला काही झालेलं नाही," ते अगदी हळू म्हणाले. "माझा हात गेलाय."

मग एकेक बाहेर आलं. बाजाराच्या उतारावर, सासूबाई मागे बसलेल्या असताना, पुढचा ब्रेक लागलाच नव्हता. मागच्या ब्रेकवर त्यांनी कशीबशी गाडी थांबवली. मागे बोलणं चालूच होतं, सासूबाईंना पत्ताही लागला नाही. त्या दिवसापासून त्यांनी बायकोला गाडीवर घेतलं नव्हतं.

"माझ्या हातातही तो तसाच जातोय," मी म्हटलं. "म्हणजे माझाही हात गेला का?"

त्यांनी स्वतःच्या मुठीकडे पाहिलं.

ब्रेक ऑइल कधी बदललं, असं विचारल्यावर त्यांनी मोठ्या अभिमानाने फळीवरून एक जुनाट डबा काढला. पातळी जरा उतरली की यातलं चमचाभर घालायचं, थेंब वाया जाऊ द्यायचा नाही. झाकण सैल होतं. माझं डोकंच फिरलं. हे ऑइल हवेतला ओलावा पितं, आणि उतारावर ब्रेक तापला की त्या पाण्याची वाफ होते. मग कितीही दाबा, नुसती वाफच दबते; शिवाय पातळी उतरल्यावर आत शिरलेली हवा गाडी उभी असतानाही दबत राहते. आतलं जुनं ऑइल तर त्यांनी कधी काढलंच नव्हतं. मी नवीन आणायला निघाले तर म्हणाले, पाच नंबरचं आण, भारी असेल. मी त्यांना ब्रेकच्या टाकीचं झाकण दाखवलं. त्यावर ऑइलचा नंबर चार लिहिलेला होता, आणि पाच नंबरचं ऑइल वेगळ्याच जातीचं, ते यात चालत नाही.

सीलबंद बाटली आणली. हे ऑइल रंग खातं म्हणून पेट्रोलच्या टाकीवर ओलं फडकं टाकलं. ब्रेक दाबायला दुसऱ्या कुणाला घे, असं बाबा म्हणत होते. मी ऐकलं नाही.

"दाबून धरा. मी सांगेपर्यंत सोडायचा नाही."

खाली चाकापाशी बसून मी ब्रेकमधलं ऑइल काढायचा नट सैल केला. त्याला लावलेल्या नळीतून कोऱ्या चहाच्या रंगाचं पाणचट ऑइल आलं. नट आवळला, मग सोडा म्हटलं. वरून नवीन ओतलं. असं कितीतरी वेळा केलं, आणि एकदाही त्यांचा हात सुटला नाही. शेवटी नळीत स्वच्छ ऑइल आलं आणि ब्रेक अर्ध्यातच घट्ट थांबला. बाबा तो उगाचच पुन्हा पुन्हा दाबत राहिले. मग मीच ओरडले, आता पुरे, चक्कर मारून या.

कोपऱ्यापर्यंत जाऊन ते परत आले आणि सासूबाईंपुढे उभे राहिले.

"तुला घेऊन पडलो असतो तर? म्हणून नेत नव्हतो."

सासूबाई म्हणाल्या, "मला वाटलं, मी नकोशी झाले."

"वेडी आहेस का?"

"सांगायचं होतं ना. पडलो असतो तर दोघं पडलो असतो," त्या म्हणाल्या. "बसमध्ये मी बोलायचं कुणाशी?"

आणि चपला घालायला आत गेल्या.