मुसफ्फाची चार्जर

राजाभाऊ इनामदारांची नोकरी २००९च्या फेब्रुवारीत गेली. अबू धाबीजवळ मुसफ्फामध्ये एका बांधकाम कंपनीच्या यार्डात ते क्रेन आणि जनरेटरच्या इंजिनांचं काम बघायचे. दुबईतले टॉवर अर्धवट थांबले तशी यार्डात यंत्रं ओळीनं उभी राहिली, आणि एके दिवशी एचआरनं त्यांना बोलावून पाकीट हातात ठेवलं. त्यांच्या बायकोची, सुलक्षणाची, नोकरी त्याआधीच खलास झाली होती. हॉटेलांचे पडदे आणि सोफ्यांची कव्हरं शिवणाऱ्या कंपनीत ती सुपरवायझर होती. नवी हॉटेलं उघडायचीच थांबली, तेव्हा पडदे कोणाला हवे होते? कंपनी बंद होताना तिथलं जाड कापडाचं एक शिलाई मशीन तिनं विकत घेतलं. दुबईत अल मनखूलच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये ते टीव्हीच्या शेजारी येऊन बसलं. मुलगी ईशानी नववीत होती. तिची शाळा मध्येच तोडून परत जायचं का, यावर घरात रोज बोलणं व्हायचं आणि रोज ते अर्ध्यावर थांबायचं.

अशा वेळी वरद कारखानीसचा फोन आला. वरद मूळचा पुण्याचा, राजाभाऊंपेक्षा वयानं लहान. दुबईच्या मराठी मंडळाच्या गणपतीत दोघांची ओळख झाली होती. दुबईतल्याच अल कूझमध्ये त्याचं जुन्या परदेशी गाड्यांचं शोरूम होतं. तेजीच्या काळात प्रॉपर्टी ब्रोकर्सना अशा गाड्यांचं वेड लागलं होतं. त्यांच्यातल्याच एकासाठी वरदनं अल ऐनच्या एका खजुराच्या बागेतून १९६९ची डॉज चार्जर ही अमेरिकन गाडी उचलून आणली होती. मंदी आल्यावर तो ब्रोकर स्वतःची रोजची गाडी एअरपोर्टच्या पार्किंगमध्ये सोडून देश सोडून गेला आणि चार्जर वरदच्या गळ्यात पडली. वरद म्हणाला, "राजाभाऊ, मुसफ्फाच्या शेडमध्ये माझं एक मढं पडलंय. त्यात जीव घालता येतो का बघा. तुमचा व्हिसा माझ्या कंपनीवर घेतो."

राजाभाऊ दुसऱ्याच दिवशी गेले. गाडी खरंच मढ्यासारखी होती. डॅशबोर्ड उन्हानं भेगाळला होता, मागच्या सीटवर बकऱ्यांच्या लेंड्या होत्या, पुढच्या दोन सीटांचं रेक्झिन सोलून निघालं होतं. मात्र कोरड्या हवेमुळे पत्रा फारसा गंजलेला नव्हता. राजाभाऊंनी वाळू झाडून इंजिनच्या ब्लॉकवरचा नंबर पाहिला, तो गाडीच्या नंबराशी ताडून पाहिला आणि बराच वेळ तिथेच उकिडवे बसून राहिले. चाळीस वर्षांनंतरही गाडीच्या पोटात तिचं स्वतःचं इंजिन होतं.

वरदचं म्हणणं होतं की नवे नकली भाग तैवानहून मागवावेत आणि सहा महिन्यांत मोकळं व्हावं. राजाभाऊंनी ते ऐकलं नाही. ते म्हणाले, मूळ इंजिन शाबूत असलेली गाडी आहे; तिला उपरे भाग लावायचे असतील तर दुसरा माणूस बघा. वरदनं थोडा विचार केला आणि मान्य केलं. अस्सल गाडीला गिऱ्हाईक वेगळं मिळतं, हे त्याला राजाभाऊंपेक्षा जास्त ठाऊक होतं.

मंदीचा एक उपयोग मात्र झाला. अमेरिकेतही लोक आपापली गॅरेजं रिकामी करत होते, त्यामुळे एरवी कोणी हातातून सोडलं नसतं असं सामान इंटरनेटवर विकायला निघालं होतं. या गाडीचे हेडलाइट जाळीच्या झाकणांमागे लपलेले असतात आणि इंजिन हवा ओढतं त्या जोरावर ती झाकणं उघडतात. ती उघडणारे डबे ओहायोच्या एका रिटायर्ड शिक्षकाकडे मिळाले. कार्बोरेटर टेक्सासहून आला, मधली पट्टी असलेली पुढची जाळी आणखी कुठून तरी. ज्या भागांना बदली मिळाली नाही ते राजाभाऊंनी फेकले नाहीत, दुरुस्त केले. पत्रा आणि रंगाचं काम शेजारच्या शेडमधल्या मुश्ताकनं केलं. तो पेशावरचा, डेंटिंग-पेंटिंगवाला. गाडीचा मूळ हिरवा रंग दरवाज्याच्या आतल्या कडेला थोडा शिल्लक होता; तो जुळेपर्यंत त्यानं किती वेळा रंग लावून खरवडून काढला, याला गणती नव्हती.

सीटांचं काम सुलक्षणानं मागून घेतलं. शुक्रवारी सकाळी ती राजाभाऊंबरोबर डबा घेऊन मुसफ्फाला जायची. मागच्या सीटचं कव्हर धुतल्यावर चांगलं निघालं होतं, तेव्हा ते तसंच ठेवायचं ठरलं. पुढच्यांसाठी त्या काळातलं न वापरलेलं रेक्झिन मिशिगनच्या एका गोदामातून आलं. ते कव्हर मागच्या सीटशेजारी उपरं वाटू नये, हा खरा प्रश्न होता. तिनं जुनं कव्हर टाका टाका उसवून त्याचे तुकडे हॉलमध्ये जमिनीवर पसरले. ईशानीला कित्येक आठवडे भिंतीच्या कडेनं चालावं लागलं. एकदा शिवलेली सीट मनाला येईना म्हणून तिनं ती पुन्हा सगळी उसवली. राजाभाऊ म्हणाले, कोणाला कळणार आहे? ती म्हणाली, मागच्या सीटवर बसणाऱ्याला.

या सगळ्यात जवळजवळ दोन वर्षं गेली. इंजिन पहिल्यांदा सुरू झालं तेव्हा दुपारची नमाज नुकतीच संपली होती आणि आसपासच्या शेडमधली माणसं आवाज ऐकून गोळा झाली. हेडलाइटची झाकणं हळूहळू उघडली. मुश्ताकनं डोळे पुसले आणि पुसल्याचं लपवलंही नाही.

२०११च्या मार्चमध्ये दुबईतल्या एका हॉटेलच्या हिरवळीवर जुन्या गाड्यांचं प्रदर्शन भरलं. वरदनं चार्जर तिथे ठेवली. इनामदार कुटुंब सकाळीच पोचलं. सुलक्षणानं ठेवणीतली इरकल नेसली होती. गाडी उन्हात अशी झळकत होती की राजाभाऊ जरा लांबच थांबले. स्वतःचंच काम बघायला त्यांना संकोच वाटला. ईशानी पुढे गेली, गाडीसमोरची पाटी वाचली आणि मागे वळून म्हणाली, "आई, इट सेज रिस्टोअर्ड इन डेट्रॉइट."

सुलक्षणानं स्वतः जाऊन वाचलं. पितळी चौकटीत सुबक अक्षरांत लिहिलं होतं की या गाडीचा संपूर्ण जीर्णोद्धार डेट्रॉइटमधल्या तज्ज्ञ कारागिरांनी मूळ भाग वापरून केला आहे. तिला आधी वाटलं, दुसऱ्या गाडीची पाटी चुकून इथे आली. पण रंग, साल, इंजिन, सगळं याच गाडीचं होतं.

वरद चहाच्या तंबूत होता. तिनं जाऊन पाटीबद्दल विचारलं, तर तो गोंधळला नाही की ओशाळला नाही. तिला तेच सगळ्यात जास्त लागलं. तो म्हणाला, "वहिनी, हा मार्केटिंगचा भाग आहे, मनाला लावून घेऊ नका. मुसफ्फा लिहिलं तर लोक म्हणतील, क्रेन दुरुस्त करणाऱ्यांनी केलेली गाडी आहे."

"क्रेन दुरुस्त करणाऱ्यांनीच केलीय," सुलक्षणा म्हणाली.

वरद हसला. त्यानं समजावलं की गाडी अमेरिकेतच बनली होती, भागही अमेरिकेतूनच आले, मग पाटीत अगदी खोटं असं काय आहे? कुवेतहून एक गिऱ्हाईक आलंय, संध्याकाळपर्यंत व्यवहार होईल, मग पाटी काढूनच टाकू. आणि राजाभाऊंना विचारा, त्यांची काही तक्रार नाही.

राजाभाऊंची तक्रार नव्हती हे खरं होतं. निदान ते तसं म्हणाले. जाऊ दे, ते म्हणाले, गाडीला माहीत आहे ना कोणी केली. मग हळूच त्यांनी व्हिसाची आठवण करून दिली. ईशानीची बारावी जवळ आली होती.

सुलक्षणाला एवढा संताप आयुष्यात क्वचित आला होता. पगार गेला तेव्हा ती रडली होती, चिडली नव्हती. मंदी सगळ्यांवरच आली होती. हे मात्र कोणी तरी ठरवून केलं होतं. आपल्याच मंडळातल्या, आपल्याला वहिनी म्हणणाऱ्या, तिच्या हातची पुरणपोळी खाऊन गेलेल्या माणसानं त्यांची दोन वर्षं उचलून न पाहिलेल्या शहरातल्या न जन्मलेल्या कारागिरांना देऊन टाकली होती. वर तो हसत होता.

तिनं तंबूतून एक खुर्ची उचलली, चार्जरच्या दरवाज्याशी ठेवली आणि बसली. जो येईल त्याला ती सांगू लागली. कोणाला हिंदीत, कोणाला इंग्रजीत. ही पाटी खोटी आहे. इंजिन माझ्या नवऱ्यानं केलं, रंग मुश्ताक नावाच्या माणसानं, सीटा मी शिवल्या. मुसफ्फामध्ये. काही लोक कौतुकानं ऐकत, काही मान हलवून पुढे जात. एका गोऱ्या बाईंनी तिच्याबरोबर फोटो काढला आणि मग पाटीचाही काढला. ईशानी शेजारी उभी राहून दबक्या आवाजात विनवत होती. "आई, प्लीज. पीपल आर स्टेअरिंग." सुलक्षणानं तिला पर्स धरायला दिली. राजाभाऊ पार्किंगकडे निघून गेले होते.

दुपारी वरद कुवेतच्या गिऱ्हाइकाला घेऊन आला. पांढऱ्या पायघोळ कंदुऱ्यातले वयस्कर, शांत गृहस्थ होते ते. सुलक्षणानं त्यांनाही तेच सांगितलं. त्यांनी वरदकडे पाहिलं. वरदनं आवाज न चढवता इंग्रजीत सांगितलं की या बाई गाडी साफ करणाऱ्या लोकांपैकी आहेत, त्यांचा काही तरी गैरसमज झालाय.

साफसफाई हा काही अपमान नव्हता. पण त्यानं सुलक्षणाकडे न बघता, ती तिथे नसल्यासारखं ते म्हटलं होतं. आणि तेवढ्यात मागून राजाभाऊंचा आवाज आला. ते पार्किंगमधून कधी परत आले होते, कोणालाच कळलं नव्हतं.

"शी इज माय वाइफ," ते म्हणाले. "या सीटा तिनं शिवल्यात. इंजिन मी केलंय. वरद, आता माझ्या तोंडावर सांग, मी डेट्रॉइटला कधी गेलो होतो?"

वरद मराठीत पुटपुटला की राजाभाऊ, घरी बोलू. राजाभाऊंनी पाटी उचलली आणि गवतावर पालथी ठेवली.

कुवेतचे गृहस्थ सगळं ऐकत होते. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, दार उघडून आत बसले, सीटवरून हात फिरवला आणि वरदला म्हणाले की त्यांना गाडी पसंत आहे. कोणी दुरुस्त केली याच्याशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. काम चांगलं झालं होतं, तेवढं पुरे. संध्याकाळी व्यवहार झाला. ठरलेल्या किमतीतून एक दिरहमही कमी झाला नाही.

घरी जाताना टॅक्सीत सुलक्षणा म्हणाली, "म्हणजे खरं लिहिलं असतं तरी गाडी विकली गेली असती. मग खोटं कशासाठी होतं?"

ईशानी पुढच्या सीटवरून म्हणाली, "बिकॉज ही वॉज अशेम्ड ऑफ अस."

वरदनं महिनाअखेर राजाभाऊंचा व्हिसा रद्द केला. कारण दिलं ते काम संपल्याचं. तीन आठवडे घरात सामान बांधायच्या खोक्यांची चर्चा होती. शेवटी शारजाच्या एका जनरेटर कंपनीत त्यांना जागा मिळाली, पगार आधीपेक्षा कमी. मंडळाच्या कार्यक्रमांत वरद समोर आला की हात जोडायचा, आणि सुलक्षणा उत्तर द्यायची नाही. काही बायकांनी तिला समजावलं की एवढं ताणू नये, परक्या देशात आपलीच माणसं लागतात. ती म्हणाली, तेच तर म्हणतेय मी.

मे महिन्यात एका गाड्यांच्या मासिकात चार्जरचा फोटो छापून आला, दोन पानी. खाली लिहिलं होतं, डेट्रॉइटमध्ये जीर्णोद्धार. सुलक्षणानं मासिकाच्या ऑफिसला फोन लावला. इन्शाल्ला बघतो, असं उत्तर मिळालं. तिनं पुन्हा लावला. रोज जेवणं आटपली की ती फोन घेऊन बसायची. तिकडची मुलगी तिचा आवाज ओळखू लागली. शेवटी पुढच्या अंकात कोपऱ्यात एक ओळ आली की सदर गाडीचं काम स्थानिक पातळीवर झालं आहे.

राजाभाऊंना वाटलं, झालं, संपलं. त्यांनी अंक टेबलावर ठेवला. सुलक्षणानं ती ओळ वाचली आणि तिचा चेहरा पुन्हा तसाच झाला, हिरवळीवर झाला होता तसा. तिनं नंबर फिरवला.

"स्थानिक म्हणजे कोण?" तिनं त्या मुलीला इंग्रजीत विचारलं. "स्थानिक नावाचा कोणी माणूस नसतो. आम्हाला नावं आहेत."

पलीकडून ती मुलगी म्हणाली की मॅडम, प्लीज होल्ड करा, एडिटर जागेवर आहेत, जोडून देते. सुलक्षणानं रिसीव्हर कानापासून खाली घेतला आणि राजाभाऊंकडे पाहिलं. राजाभाऊ उठले. एवढ्या दिवसांत त्यांनी या फोनला एकदाही हात लावला नव्हता. त्यांनी तिच्या हातातून रिसीव्हर घेतला, एडिटरला नमस्कार केला आणि म्हणाले की तीन नावं आहेत, कृपया लिहून घ्या, स्पेलिंग सांगतो.

पहिलं त्यांनी तिचं सांगितलं. एस, यू, एल. मग थांबले, आणि एडिटर लिहितोय ना याची खात्री करून घेऊन पुढची अक्षरं सांगू लागले.