कापलेले दिवस

भाचीचं पत्र टेबलावर पडून होतं आणि मी रोज त्यावर नवं पुस्तक ठेवत होतो. पत्रांना उत्तर द्यायचा मला जन्माचा कंटाळा. पण या वेळी कंटाळा नव्हता, धास्ती होती.

"मामा," तिने लिहिलं होतं, "खाली आमच्या खोलीत रेडॉन वाढतोय. सर म्हणतात, पंखा जुना झालाय. मला वाटतं, खडक फाटतोय. तू लेखी हरकत घे. मी विद्यार्थिनी, माझी सही चालत नाही. तू अजून कागदोपत्री सल्लागार आहेस."

तिची प्रयोगशाळा एका जुन्या खाणीच्या तळाशी आहे. वर डोंगराएवढा खडक, त्यामुळे आकाशातून येणारे कण तिथवर फारसे पोचत नाहीत. शिशाच्या विटांच्या किल्ल्यात एक थंडगार स्फटिक ठेवलाय. कृष्णद्रव्याचा, म्हणजे विश्वातल्या न दिसणाऱ्या पदार्थाचा, एखादा कण कधीतरी त्याला धडकेल, याची वाट बघायची. त्या शांततेत विघ्न आणतो तो रेडॉन, खडकातून झिरपणारा किरणोत्सारी वायू. ज्या दिवशी तो जास्त, त्या दिवसाच्या नोंदी सरळ कापून टाकायच्या. हा नियम माझाच.

खाणीचा नियम वेगळा. हरकत आली की तपासणी होईपर्यंत खाली कुणी उतरत नाही. मग द्रव नायट्रोजन भरायला कुणी नाही, स्फटिक तापणार आणि पोरीची सगळी वर्षं पाण्यात. मी चुकलो तर? चुकणं मला काही नवं नाही.

शेवटी बहिणीचा फोन आला. "अरे, तुझं उत्तर येईस्तोवर पोर म्हातारी होईल! एकदा खाली जाऊन बघ तरी."

गेलो. खाणीच्या पाळण्यातून, म्हणजे लिफ्टमधून, उतरताना कानांना दडे बसले. भाची, घरात तिला आम्ही चिचुंद्री म्हणतो, खोलीच्या दाराला खांदा लावून उभी होती.

"मामा, पोट आत घे. पुरतं उघडत नाही."

"दार मोठं की माझं पोट?"

"दार अडतंय रे. दोनदा घासून घेतलं, तरी तेच."

तिचे सर, माझाच जुना विद्यार्थी, आतून म्हणाले, "दमट हवा आहे, सर. फुगतं."

मी मान डोलावली. लोखंडी दार फुगत नाही, हे जिभेवर आलं आणि तिथेच राहिलं.

पडद्यावरचा आलेख देखणा होता. सरळ, शांत रेषा. फक्त शेवटी शेवटी ठिपके विरळ झाले होते.

"कापलेले दिवस दाखव," मी भाचीला म्हटलं. "फक्त तेच."

"कचरा बघायचाय, सर?" ते हसले.

तिने कळा दाबल्या. ठिपके पायरी पायरीने चढत गेले होते. अलीकडचे तर पडद्याच्या वरच्या कडेला टेकले होते. खाली पंख्याच्या वाऱ्याची नोंद होती. ती तसूभर हलली नव्हती. म्हणजे दोष पंख्याचा नव्हता.

इतक्यात शिशाच्या भिंतीमागे, खडकात काहीतरी टिचलं. बर्फावर कोमट पाणी पडावं, तसा बारीक आवाज.

"हे रोजचंच," भाची म्हणाली. "आता सवय झाली."

सरांचं हसू गेलं होतं. "सर, थोडेच महिने राहिलेत. तिचा प्रबंध तेवढा होऊ द्या."

मी तिच्याकडे पाहिलं.

"माझं काय ते मी पत्र लिहितानाच ठरवलंय," ती म्हणाली. "चल वर."

तिघेही वर आलो. खाणीच्या तोंडाशी पुढच्या पाळीची खाणकामगार पोरं हेल्मेट घालून रांगेत उभी होती. "काय आजोबा, सापडलं का कृष्णद्रव्य?" एकाने विचारलं. "का तेही तुम्हाला घाबरून पळालं?" सगळे खिदळले. त्यांच्या शेजारीच खांबावर हरकतीची लाल पेटी होती. प्रत्येक पाळी उतरण्याआधी ती उघडतात. खाणीचा अधिकारी खिशात किल्ली चाचपत येत होता.

"मामा, लवकर." भाचीने कागद दिला आणि वाकून पाठ पुढे केली. तिच्या पाठीवर कागद ठेवून मी लिहू लागलो. पहिलाच शब्द आला 'कदाचित'. तो खोडला. खडक फाटतो आहे, कुणालाही खाली सोडू नये, एवढंच लिहिलं आणि सही केली. सर रांगेकडे बघत होते. मला थांबवायला ते पुढे आले नाहीत.

"चिचुंद्रे, हे तुझ्या पत्राचं उत्तर," मी म्हटलं आणि कागद पेटीत टाकला.