बॅटरीचा स्क्रू

युवराजनं पाण्यातला पाइप उपसून चिखलात फेकला आणि सयाजीची मोटर कोरडी फिरून जळाली. दोघं चुलतभाऊ. उजनी धरणाचं पाणी मागं सरकलं की काठावर दर उन्हाळ्यात त्यांची कुरबुर व्हायची. यंदा सयाजीच्या हातात केळीचा घड तोडायचा कोयता होता.

पहिला हात युवराजनंच टाकला. बुक्कीनं सयाजीचा दात हलला. मग युवराजनं गळा धरून त्याला बांधावर दाबलं, तसा सयाजीनं कोयता फिरवला. एक घाव दंडावर बसला. युवराज खाली कोसळला, तरी सयाजीनं दुसरा घातला, त्याच हाताच्या मनगटावर. हाड दिसलं तेव्हा कोयता त्याच्या हातातून गळाला.

त्यानं शर्ट फाडून युवराजचा दंड करकचून आवळला. फोनला रेंज नव्हती. जवळच युवराजची मोटारसायकल उभी होती, बिनकिकची. सयाजीनं किल्ली फिरवून बटण दाबलं. नुसतं टिकटिक झालं आणि दिवा मंदावला. गिअरात टाकून ढकलायला गेला, तर चाक गाळात रुतलं. तो टाकीवर मुठी आपटायला लागला.

"सकाळीबी आसंच केलं हुतं," युवराज पडल्या पडल्या म्हणाला. त्याचे ओठ पांढरे पडले होते. "बॅटरी चांगली हाय. टर्मिनल ढिलं झालंय. बाजूचं कवर काढ."

सयाजीनं कव्हर ओढून तोडलंच. बॅटरीच्या टोकावर पांढरा थर साचला होता, वायर बोटानं हलत होती. स्क्रू आवळायला काहीच नव्हतं. तो वळला, युवराजजवळ आला आणि वाकून कोयता उचलला.

युवराज चांगल्या हातावर रेटा देत मागं सरकला.

"दादा, नगं. आई एकटी हाय."

सयाजीला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा त्यानं कोयत्याचं पातं खाली केलं.

"स्क्रूसाठी घेतलाय रं."

युवराज तरीही सरकतच राहिला.

सयाजीनं कोयत्याच्या टोकानं पांढरं खरवडलं, स्क्रू पिळला. टोक निसटून त्याच्याच तळहातात घुसलं. बटण दाबल्याबरोबर गाडी सुरू झाली. रेटून त्यानं ती गाळाबाहेर काढली. त्यानं युवराजला टॉवेलनं आपल्या पाठीशी बांधलं आणि टेंभुर्णीच्या दवाखान्यापर्यंत गाडी कुठंच थांबवली नाही. वाटेत पाठीवरून गरम रक्त कमरेत उतरत होतं.

दवाखान्यात युवराजची आई, मथुराबाई, धावत आली.

"कुणी केलं?"

"मी, काकू."

तिनं चप्पल काढली. नर्सनं ओढून बाजूला नेईपर्यंत ती त्याच्या तोंडावर मारत राहिली. त्यानं हात आडवा धरला नाही.

युवराज जगला, पण जखमी हाताची मूठ पुन्हा वळली नाही. जबाब घ्यायला आलेल्या हवालदारानं विचारलं, "दवाखान्यातबी त्यानंच आणलं नव्हं?"

"व्हय, त्यानंच आणलं," युवराज म्हणाला. "पर त्यानं कोयता उचलला तवा मला वाटलं, आता संपवतोय. आजूनबी डोळा लागला की तेच दिसतं. तेबी लिवा."