नेढ्याबाहेरचा दोरा

अप्पांनी चित्रापुढच्या दोरीच्या अलीकडे पाय रोवले, चष्मा कपाळावरून नाकावर ओढला आणि कमरेत वाकून चित्रातल्या सुईकडे पाहिलं. मग चष्मा शर्टाच्या टोकाने पुसून पुन्हा पाहिलं. दोरा नेढ्यात नव्हता.

बावीस वर्षं तो नेढ्यात होता. कलासंग्रहालयाच्या सात नंबरच्या दालनात, खिडकीशी बसून सुई ओवणाऱ्या या बाईवर अप्पांनी बावीस वर्षं डोळ्यांत तेल घालून पहारा केला होता. स्वतःच्या सुनेचे डोळे काळे की घारे हे त्यांना विचार केल्याशिवाय सांगता आलं नसतं. पण या बाईच्या दोऱ्याचं टोक नेढ्यातून तिळाएवढं बाहेर आलंय, हे त्यांनी झोपेतही सांगितलं असतं. आता ते टोक नेढ्याच्या अलीकडेच, केसभर अंतरावर थांबलं होतं.

चित्र कालच दुरुस्तीच्या खोलीतून परत आलं होतं. साफसफाईला म्हणून नेलं आणि तीन आठवडे ठेवलं. पुसल्याने रंग उजळतो, धूळ जाते, हे अप्पांना मान्य होतं. पुसल्याने दोरा मागे कसा सरकेल?

दुरुस्तीच्या बाई नव्या होत्या, येऊन सहा महिने झाले होते. मुलगी वयाने लहान, बोलायला गोड, आणि अप्पांना अति गोड बोलणाऱ्यांचा भरवसा कधीच वाटला नव्हता. त्या तीन आठवड्यांत तिने खोलीच्या काचेला आतून खाकी कागद लावला होता. दोनदा बाहेरची माणसं येऊन गेली, आणि अप्पा जवळून गेले की आतलं बोलणं बंद पडायचं. कुठेतरी पाणी मुरतंय, हे त्यांना तेव्हाच वाटलं होतं. तरी त्यांनी तिला सरळ जाऊन विचारलं. जुनं वार्निश निघालं म्हणून तुम्हाला वेगळं वाटतं, असं ती म्हणाली. पण म्हणताना तिने नजर फरशीवर ठेवली. अप्पांना तेवढं पुरलं.

त्यांनी गेटवरच्या जमादाराच्या कानावर घातलं. दुसऱ्या दिवसापासून जमादार जाता-येता तिची पिशवी उघडायला लावू लागला. पिशवीतून डबा, कापसाचा गठ्ठा आणि एक जुना स्वेटर याखेरीज काही निघालं नाही. ती मुकाट्याने पिशवी उघडायची, मुकाट्याने बंद करायची. चोर असा मुकाट्यानेच वागतो, असं अप्पा म्हणाले आणि जमादाराने मान डोलावली.

पाचव्या दिवशी अप्पांनी अर्ज लिहिला. तीनदा लिहिला, दोनदा फाडला. अर्ज खरा ठरला तर पोरीची नोकरी जाईल, कदाचित हातात बेड्याही पडतील. खोटा ठरला तर आठ महिन्यांवर आलेल्या निवृत्तीला आपण मान खाली घालून घरी जाऊ. दोन्ही गोष्टी त्यांना कळत होत्या, तरी त्यांनी अर्ज संचालकांच्या टेबलावर नेऊन ठेवला.

संचालकांनी अप्पांना आणि त्या मुलीला, दोघांनाही बोलावलं. अर्ज शेवटपर्यंत वाचला, उठून दार लावलं आणि अप्पांना खुर्ची दिली. बावीस वर्षांत त्या खोलीत अप्पा पहिल्यांदाच बसले.

"चित्र बदललंय, हे तुमचं बरोबर आहे," संचालक म्हणाले. "पण नक्कल खाली गोदामात आहे, अप्पा. भिंतीवर आहे ते मूळ."

मग त्यांनी सगळं सांगितलं. अप्पा नोकरीला लागण्याच्या कितीतरी आधी, पुराच्या वर्षी, चांगली चित्रं दुसरीकडे हलवली होती. तेवढ्यापुरती भिंत रिकामी दिसू नये म्हणून कोणा ड्रॉइंग मास्तरांकडून या चित्राची नक्कल करून घेतली. मूळ परत आलं ते चुकीच्या नंबरच्या पेटीत. आणि ज्यांना माहीत होतं ते एकेक करून निघून गेले. नकलेच्या पाठीमागचे खिळे फारच नवे आहेत, हे या मुलीच्या लक्षात आलं, आणि गोदामातल्या पेट्या धुंडाळून तिने मूळ शोधून काढलं. तज्ज्ञांचा लेखी निर्वाळा हाती येईपर्यंत बोलायचं नाही, असं संचालकांनीच तिला बजावलं होतं.

अप्पांनी चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसला.

"मग दोरा?"

"मूळ चित्रात तो ओवलेलाच नाही," मुलगी म्हणाली. "मास्तरांनी ओवला. त्यांना राहवलं नसेल."

बाहेर जिन्यावर ती थांबली. "पिशवी बघायला तुम्हीच सांगितलं होतं ना?"

"हो," अप्पा म्हणाले. शरमेने त्यांचे कान तापले होते. "चुकलं माझं, ताई."

"मला फार वाईट वाटायचं. पण खरं सांगू? एवढी माणसं चित्रासमोरून गेली, बदललंय हे तुमच्याशिवाय कोणालाच कळलं नाही."

मला ती नक्कल एकदा बघू दे, असं अप्पांनी तिला म्हटलं. ती त्यांना गोदामात घेऊन गेली आणि लाकडी मांडणीच्या खणातून चित्र ओढून दिव्याखाली धरलं. दोरा नेढ्यातून तिळाएवढा बाहेर आला होता. समोर दोरी नव्हती, तरी अप्पा सवयीने चार हात लांबच उभे राहिले. आता याचं काय करणार, त्यांनी विचारलं. कलाशाळेतल्या मुलांना देणार, ती म्हणाली. चित्रं साफ करायला हात बसावा म्हणून त्यांना असं पुसून बघायला काहीतरी लागतं. तिच्याशी वाद घालायचं तोंड अप्पांना उरलं नव्हतं.

दुपारी सात नंबरमध्ये एक वयस्कर जोडपं आलं. बाई चित्रापुढे उभ्या राहिल्या. नवरा पाय दुखतात म्हणून बाकावर टेकला. बराच वेळ पाहून झाल्यावर बाईंनी अप्पांकडे वळून विचारलं, हे अस्सल आहे की तशी प्रत लावलीय?

अप्पांनी त्या केसभर अंतराकडे पाहिलं.

"अस्सल आहे," ते म्हणाले.

हे उत्तर त्यांनी आजवर हजारदा तरी दिलं असेल. ते देताना खोटं बोलल्यासारखं मात्र त्यांना आज पहिल्यांदाच वाटलं.